कोरडी उष्णता आणि दमट उष्णता

हवेत बाष्प कमी असताना पडणारी गरमी ती कोरडी उष्णता, बाष्प भरपूर असताना होणारी ती दमट. मराठीत हा फरक क्रियापदांतच आहे, पहिलीत माणूस भाजतो आणि दुसरीत उकडतो. वाळवंटी शहरातली ४३ अंशांची दुपार जास्त त्रासाची की समुद्राकाठची ३४ अंशांची, हा वाद लोक नुसत्या तापमानाच्या आकड्यावर घालतात आणि तिथंच तो फसतो.

दोन दुपारी शेजारी मांडून बघू. ४३ अंश सेल्सियस आणि १० टक्के सापेक्ष आर्द्रता असेल तर ओल्या फुग्याचा तापमापक (ज्याच्या फुग्याला ओलं फडकं गुंडाळलेलं असतं, त्यातलं पाणी वाळेल तसा तो थंड होतो) जेमतेम २० दाखवेल, ३४ अंश आणि ७० टक्के असेल तर तो २९ च्या आसपास जाईल. म्हणजे नऊ अंशांनी ‘थंड’ असलेल्या दुपारी ओला फुगा नऊ अंशांनी वर, आणि हवेतलं बाष्प तर चौपटीहून थोडं जास्तच. आता ही टक्केवारी पण फसवी असते हं, कारण ती तापमानाप्रमाणे बदलते: पहाटे १८ अंशांना ८० टक्के आर्द्रता असलेली हवा बाष्पात काहीही भर-घट न होता दुपारी ३५ अंशांना गेली की ३० टक्क्यांच्या खाली दिसते. म्हणून दोन गावांची तुलना करायची तर दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला हवेतल्या बाष्पाचं दव व्हायला लागतं तो आकडा, बघावा, तो दिवसभरात एवढा हलत नाही.

कारण साधं आहे. घाम वाळताना कातडीतली उष्णता घेऊन जातो, एका ग्रॅमला साधारण २.४ किलोज्यूल. तासाला एक लिटर घाम पूर्ण वाळला तर साडेसहाशे वॉटहून जास्त उष्णता निघून जाते, आणि स्वस्थ बसलेल्या माणसाचं शरीर तयार करतं साधारण १०० वॉट, तेव्हा कोरड्या हवेत हिशोब आरामात जमतो. दमट हवेत घाम येतो तेवढाच पण वाळत नाही, नुसता ओघळतो, आणि ओघळलेल्या घामाचा उपयोग जवळपास शून्य.

हे सगळं मोजायची मूळ युक्ती, म्हणजे तापमापकाच्या फुग्याला ओलं फडकं गुंडाळणं, नक्की कुणाची यावर एकमत नाही. बाष्पीभवनाने थंडावा येतो हे विल्यम कलनने १७५० च्या दशकात प्रयोगांनी दाखवलं होतं पण त्याला हवेचा दमटपणा मोजायचा नव्हता. जेम्स हटन, तोच भूविज्ञानवाला, ओला फुगा हवेत धरून वाचन घ्यायचा असं त्याचा मित्र जॉन प्लेफेअर याने हटनच्या मृत्यूनंतर लिहिलेल्या चरित्रात येतं. पुढे १८०० च्या सुमारास जॉन लेस्लीने दोन फुग्यांमधल्या फरकावर चालणारं उपकरण केलं. जर्मन ग्रंथांत मात्र श्रेय जातं एर्न्स्ट फर्डिनांड आउगुस्ट या बर्लिनच्या शिक्षकाला, ज्याने बहुधा १८२० च्या दशकात कोरडा आणि ओला असे दोन तापमापक एका चौकटीत बसवून त्याला सायक्रोमीटर हे नाव दिलं (ग्रीकमध्ये सायक्रोस म्हणजे थंड). कल्पना हटनची आणि आकडेमोड करता येईल असं यंत्र आउगुस्टचं, असं मानायला हरकत नाही. ओराझ-बेनेदिक्त द सोस्यूरचा केसांचा आर्द्रतामापक याआधीचा, १७८३ च्या पुस्तकातला, पण तो वेगळ्या तत्त्वावर चालतो, त्याला या वंशावळीत घुसडू नये.

माणसावर काय होतं हे बघायचा गाजलेला जुना प्रयोग ब्रिटिश डॉक्टर चार्ल्स ब्लॅग्डनचा, निबंध १७७५ चा. जॉर्ज फोर्डाइस या डॉक्टरने तापवलेल्या कोरड्या खोलीत ब्लॅग्डन आणि त्याचे सोबती २६० फॅरनहाइटपर्यंत म्हणजे जवळपास १२७ सेल्सियसला काही मिनिटं उभी राहिली, त्याच खोलीत अंडी कडक शिजली, मांस भाजलं, आणि माणसं धडधाकट बाहेर आली. ओलसर खोलीत त्याहून कितीतरी कमी तापमान नकोसं होत होतं हेही त्यांना दिसलं. ‘कोरडी गरमी सोसवते’ या समजुतीला शास्त्रीय आधार मिळाला तो इथपासूनच, पण काही मिनिटं खोलीत उभं राहणं आणि अख्खा उन्हाळा काढणं यात फरक आहे हे पुढे लोक विसरले.

१९०५ मध्ये जे. एस. हॉल्डेन या ब्रिटिश शरीरशास्त्रज्ञाने स्थिर हवेत ओला फुगा ३१ अंशांच्या वर गेला की शरीराचं तापमान चढायला लागतं असं मांडलं. नंतर निर्देशांकांची रांगच लागली, पण वजन फक्त दोघांना द्यावं. एक डब्ल्यूबीजीटी (वेट बल्ब ग्लोब टेम्परेचर, म्हणजे ओला फुगा आणि काळा गोळा मिळून काढलेलं तापमान), १९५७ चा, अमेरिकन मरीन दलाच्या प्रशिक्षणात उष्माघात होत होते त्यातून आलेला, यात ओल्या फुग्याला ०.७, उन्हात ठेवलेल्या काळ्या गोळ्याला ०.२ आणि साध्या तापमापकाला ०.१ असं वजन असतं. दुसरा हीट इंडेक्स, रॉबर्ट स्टेडमनच्या १९७९ च्या कामावर आधारलेला, हवामानाच्या ॲपमध्ये ‘जाणवणारं तापमान’ म्हणून उन्हाळ्यात बहुतेक वेळा दिसतो तो हा किंवा याचा भाऊबंद. तो सावली आणि हलका वारा गृहीत धरतो, उन्हात काम करणाऱ्याला तो कमीच सांगतो.

सध्याचा वाद ३५ या आकड्याचा आहे. स्टीव्हन शेरवुड आणि मॅथ्यू ह्युबर यांनी २०१० मध्ये ओल्या फुग्याचे ३५ अंश ही माणसाची मर्यादा म्हणून मांडली, आणि २०२० च्या एका अभ्यासात पाकिस्तानातलं जकोबाबाद आणि अमिरातीतलं रस अल खैमा इथं थोड्या वेळासाठी ती ओलांडली गेल्याचं दिसलं. पण पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठात तरुण निरोगी लोकांवर केलेल्या आणि २०२२ मध्ये आलेल्या चाचण्यांत दमट हवेत शरीर ३०-३१ लाच हरायला लागलं, म्हणजे हॉल्डेनच्या आकड्यापाशीच आपण परत आलो. गंमत पुढे आहे, कोरड्या तापलेल्या हवेत ही मर्यादा आणखी खाली, २५ ते २८ च्या दरम्यान निघाली, कारण तिथं अडचण घाम वाळण्याची नसून पुरेसा घाम तयार होण्याची असते. तेव्हा ३५ हा भौतिकशास्त्राचा आकडा आहे, जिवंत माणसाचा म्हणून तो वापरू नये, आणि ओला फुगा कमी दाखवतोय म्हणून कोरडी हवा सुरक्षित असंही धरू नये.

वाळवंट म्हणजे कोरडं हेही नेहमी खरं नाही. पर्शियन आखातात पाणी उथळ, उन्हाळ्यात चांगलंच तापतं, आणि काठावरची शहरं वाळवंटात असूनही भयंकर दमट होतात; सौदी अरेबियातल्या धहरानला ८ जुलै २००३ रोजी दवबिंदूच ३५ अंश नोंदला गेल्याचं सांगितलं जातं. उलट ॲरिझोनातलं फीनिक्स खरोखरच कोरडं, २६ जून १९९० ला तिथं ५० अंश झाले, आणि २०२३ मध्ये सलग ३१ दिवस कमाल तापमान ४३.३ (म्हणजे ११० फॅरनहाइट) किंवा जास्त राहिलं, त्या वर्षी फीनिक्स ज्यात येतं त्या मॅरिकोपा काउंटीत उष्णतेशी संबंधित ६४५ मृत्यू नोंदले गेले. फीनिक्सला जुलैत दमट वारे येतात. तिथला मान्सून सुरू झाला हे पूर्वी सलग तीन दिवस सरासरी दवबिंदू ५५ फॅरनहाइट (१२.८ सेल्सियस) झाला की मानायचे, २००८ पासून सरळ १५ जून ते ३० सप्टेंबर अशा तारखाच ठरवून टाकल्या. सोयीचं आहे, पण जुना नियम जास्त शहाणा होता.

पाण्याचा कूलर सुरुवातीच्या ४३ अंशांच्या कोरड्या दुपारी हवा २५ च्या आसपास आणू शकतो, ३४ अंशांच्या दमट दुपारी चार अंश उतरवले तरी पुष्कळ. पंख्याचं मात्र उलटं: २०१९ च्या एका प्रयोगात ४० अंश आणि ५० टक्के आर्द्रतेला पंख्याने फायदा झाला, ४७ अंश आणि १० टक्क्यांना तोच पंखा घातक ठरला, कारण घाम आधीच वाळत होता आणि वारा फक्त झळा अंगावर आणत होता.

रात्री कोरडी हवा लवकर निवते, बाष्प कमी असल्यामुळे जमिनीची उष्णता सहज वर निघून जाते. शहरात काँक्रीट आणि डांबर हा फायदा खातात, फीनिक्सला २०२३ मध्ये सलग १६ रात्री पारा ३२.२ च्या खाली उतरलाच नाही.

वाळवंटातल्या जुन्या ओल्या फुग्याच्या नोंदी वापरताना एक काळजी घ्यावी लागते. अतिकोरड्या हवेत वात (फुग्यावरचं ओलं फडकं) वाचन घेण्याआधीच वाळायला लागते, पाणी कोमट असेल किंवा हवा पुरेशी खेळती नसेल तरी फुगा पूर्ण थंड होत नाही, आणि तापमापक खऱ्यापेक्षा जास्त दाखवतो, म्हणजे ती हवा कागदावर होती त्यापेक्षा दमट दिसते. १९ व्या शतकाच्या अखेरीस रिचर्ड आसमानने पंख्याने हवा ओढणारा सायक्रोमीटर काढला त्यानंतर हा दोष बराच कमी झाला.