घरच्या घरी मालाचे फोटो काढणं

स्टुडिओ न लावता, फोटोग्राफरला पैसे न देता, आपल्याच मोबाईलवर आणि घरातल्याच उजेडात विक्रीच्या वस्तूंचे फोटो घेणं याला घरगुती प्रॉडक्ट फोटोग्राफी म्हणतात. मराठवाड्यात पैठणचे विणकर, वसमतची हळद नाहीतर लातूरकडची तूरडाळ पॅक करून विकणारे, उन्हाळ्यात पापड-कुरडया करणारे बचत गट, सगळ्यांनाच याची गरज पडते, कारण गिऱ्हाईक आधी व्हॉट्सॲपवर फोटो मागतं आणि घ्यायचं का नाही ते तिथंच ठरवतं.

मोबाईल महागडा नसला तरी चालतं, उजेड मात्र नीट पाहिजे. जिथून थेट ऊन येत नाही अशा खिडकीशेजारी टेबल लावायचं, उजेड वस्तूच्या एका बाजूनं येऊ द्यायचा आणि दुसऱ्या बाजूला थर्माकोलची पांढरी शीट उभी करायची, म्हणजे तिकडची सावली उजळते. खिडकीतून ऊन येतच असेल तर जुन्या पांढऱ्या धोतराचा पडदा लावला तरी उजेड मऊ होतो. फ्लॅश बंद, आणि ट्यूबही बंदच ठेवायची, नाहीतर खिडकीचा उजेड एका रंगाचा अन् ट्यूबचा दुसऱ्या, आणि फोटोत एक बाजू निळसर तर दुसरी पिवळट येते. आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये दुपारी अंगणात फोटो काढला की सावल्या काळ्याकुट्ट पडतात, त्यापेक्षा ओसरीची सावली बरी, पण वर निळी ताडपत्री असेल तर सगळा माल निळा दिसेल हे ध्यानात ठेवायचं.

मागं पांढरा कार्डशीट लावायचा, भिंतीपासून टेबलावर वळवून घ्यायचा, घडी पाडायची नाही. तरी फोटोत पांढरं राखाडी दिसतं, कारण कॅमेरा समोरचं सगळं मध्यम उजेडाचं धरूनच मोजतो. स्क्रीनवर वस्तूला टच करून सूर्याचं चिन्ह थोडं वर सरकवलं की ते दुरुस्त होतं. बरणी-बाटलीच्या फार जवळ गेलं तर समोरचा भाग फुगल्यासारखा येतो, म्हणून थोडं मागं सरून काढायचा आणि नंतर कापून घ्यायचा. आणि लेन्स पुसायची, हे साधं वाटतं पण स्वयंपाकघरातल्या फोनवर तेलाचा हात लागलेलाच असतो.

पैठणीचं काम सगळ्यात अवघड. धूपछाँव पैठणीत उभा धागा एका रंगाचा आणि आडवा दुसऱ्या रंगाचा असतो, त्यामुळं बघायची बाजू बदलली की रंग बदलतो, एका फोटोत ती साडी मावतच नाही. तिचे दोन बाजूंनी दोन फोटो द्यावेत, जमलं तर पदर हलवतानाचा छोटा व्हिडिओ. जरीवर समोरून उजेड टाकला की ती पांढरी पडते, तिरपा उजेड टाकला की वीण उठून दिसते. पदराचा आणि काठाचा उलट बाजूचा फोटो तर द्यायचाच, कारण हातमागाची पैठणी मागूनही पुढच्यासारखीच दिसते, मागं धागे लोंबत नाहीत, आणि जाणकार गिऱ्हाईक आधी तेच बघतं. महिना-महिना मागावर बसून विणलेल्या साडीचा एवढा पुरावा दाखवायलाच हवा.

हळद, तिखट, लोणचं यांच्यावर फिल्टर लावूच नये असं माझं ठाम मत आहे. काही मोबाईलमध्ये फूड मोड आपोआप लागतो आणि हळद केशरी दिसायला लागते, मग पाकीट उघडल्यावर घेणाऱ्याला वाटतं माल बदलला. खायच्या वस्तूचा एक फोटो पाकिटाच्या मागच्या बाजूचा घ्यावा, त्यात वजन, तारीख आणि एफएसएसएआयचा, म्हणजे अन्नसुरक्षा परवान्याचा, 14 आकडी नंबर वाचता आला पाहिजे.

ॲमेझॉनवर टाकायचं असेल तर मुख्य फोटोची पार्श्वभूमी पूर्ण पांढरी लागते, वस्तूनं 85 टक्के जागा व्यापलेली पाहिजे आणि झूम चालायला लांब बाजू निदान 1000 पिक्सेलची हवी. असा फोटो दुसऱ्याकडं अपलोडला पाठवताना व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवायचा, साधा पाठवला तर तो दाबून लहान होतो आणि जरीची वीण पुसट होते.