चिंधीवरची काजळी

एसएलआर रायफल माझ्या हातात पहिल्यांदा आली ती पुसायला. ऑगस्ट महिना, रत्नागिरीजवळच्या एका शाळेत एनसीसीचा कॅम्प, बाहेर पाऊस नुसता कोसळत होता आणि वर्गात सतरंजीवर चार रायफली मांडून ठेवलेल्या. फायरिंग आम्ही .22 च्या छोट्या रायफलीवर करणार होतो. ही 7.62 मिमीची मोठी रायफल आमच्या वाट्याला फक्त 'खोलना-जोडना' पुरती. साताऱ्याकडचे एक हवालदार आमचे उस्ताद होते. त्यांनी एकीला पुढे बोलावलं आणि म्हणाले, "पोरी, रायफल खाली कर." खाली म्हणजे रिकामी.

मॅगझिनमध्ये ड्रिलची, म्हणजे बिनदारूची काडतुसं होती, त्यातलं एक आधीच नळीत चढवलेलं. तिने कॉकिंग हँडल मागे ओढलं, एक काडतूस उडून सतरंजीवर पडलं. हँडल सोडलं, मग मॅगझिन काढलं आणि अभिमानाने म्हणाली, "झाली उस्ताद."

"परत ओढ बघू हँडल."

तिने ओढलं. आणखी एक काडतूस टुण्णकन बाहेर आलं.

"हे कुठून आलं?"

वर्ग गप्प. चूक फक्त क्रमाची होती. एसएलआर म्हणजे सेल्फ लोडिंग रायफल, स्वतःच स्वतःला भरणारी. हँडल सोडलं की ब्रीच ब्लॉक, म्हणजे नळीचं मागचं दार, पुढे जातो आणि जाताना मॅगझिनमधलं वरचं काडतूस चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाच्या खोबणीत, ढकलतो. म्हणजे आधी हँडल आणि मग मॅगझिन असं केलं, तर आपण रिकामी केली म्हणून जी बाजूला ठेवली ती भरलेलीच असते. आधी मॅगझिन काढायचं, मग हँडल ओढून ब्लॉक मागे अडकवायचा, मग चेंबरमध्ये डोळ्यांनी बघायचं आणि करंगळी घालून चाचपायचं. हे सगळं होईपर्यंत नळीचं तोंड कुणा माणसाकडे नाही आणि बोट ट्रिगरवर नाही. जुन्या बोल्टच्या रायफलीत पुढची गोळी भरायला माणसाला हात चालवावा लागे. इथे ते काम यंत्राने घेतलंय, त्यामुळे विसरायची सोयही यंत्राने करून ठेवली आहे.

ही रायफल मूळची बेल्जियमची. हर्स्टालच्या एफएन कारखान्यात द्यूदोने सेव्ह या अभियंत्याने दुसऱ्या महायुद्धानंतर ती घडवली. ब्रिटनने आपली आवृत्ती काढली, आणि 1960च्या दशकात पश्चिम बंगालमधल्या ईशापूरच्या रायफल फॅक्टरीत आपली 1ए1 तयार होऊ लागली. 1990च्या दशकात इन्सास रायफल येईपर्यंत आपल्या जवानाच्या खांद्यावर हीच होती. सामान्य नागरिकाला हा बोअर, म्हणजे नळीचं हे माप, सहसा परवान्यावरही मिळत नाही, त्यामुळे बहुतेकांनी ती पाहिली असेल ती पोलिसांच्या हातात किंवा परेडमध्ये.

ती चालते कशी? एका काडतुसात जेमतेम 3 ग्रॅम दारू असते. पिनने मागच्या टोपीवर ठोका दिला की दारू पेटते, क्षणात वायू होतो आणि चेंबरमधला दाब हवेच्या नेहमीच्या दाबाच्या साडेतीन हजार पटींच्या घरात जातो. अर्ध्या मीटरहून थोडी लांब असलेली नळी गोळी साधारण एका मिलिसेकंदात पार करते आणि सेकंदाला आठशेहून अधिक मीटर वेगाने बाहेर पडते. दारूतल्या एकूण ऊर्जेचा साधारण तिसरा हिस्साच गोळीच्या वाट्याला येतो, बाकीची उष्णतेत आणि सुसाट वायूत जाते. त्या वाया जाणाऱ्या वायूतला चिमूटभर वाटा नळीच्या वर पाडलेल्या बारीक भोकातून काढून घेतात. तो पिस्टनला ढकलतो, पिस्टन ब्रीच ब्लॉकला वाहून नेणाऱ्या कॅरियरला फटका देतो, रिकामी पुंगळी बाहेर फेकली जाते, स्प्रिंग दाबली जाते आणि उलटून येताना नवं काडतूस आत जातं. सगळा फेरा सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आत. एक गोळी झाली की ट्रिगर सोडून पुन्हा दाबावा लागतो, म्हणून ती 'अर्धी' स्वयंचलित.

यातला मला आवडणारा भाग म्हणजे थोडासा उशीर. दाब शिगेला असताना ब्लॉक उघडला तर पितळी पुंगळी फाटून वायू फायररच्या तोंडावर येईल. म्हणून कॅरियर आधी थोडं अंतर मोकळाच मागे सरकतो आणि मग ब्लॉकचं मागचं टोक उचलून कुलूप सोडवतो. तेवढ्यात गोळी निघून जाते आणि दाब उतरतो. दार उघडायच्या आधी कुकरची वाफ जाऊ द्यावी, तसंच.

आता मुद्द्याची गोष्ट. जो वायू या रायफलीला चालवतो तोच तिला घाण करतो. तो स्वच्छ हवा नसतो. त्यात काजळी असते, अर्धवट जळलेल्या दारूचे कण असतात, गोळीच्या तांब्याच्या वेष्टनाची खरवड असते आणि टोपीतल्या मिश्रणातून आलेलं शिसं, बेरियम, अँटिमनी असतं. दर गोळीला यातलं थोडं गॅसच्या भोकात आणि पिस्टनवर बसतं. (रायफल पुसल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय उस्ताद चहाला हात लावू देत नसत. शिशाचं नाव त्यांनी काढलं नव्हतं, पण बरोबर होतं.)

हे ओळखूनच एसएलआरला गॅस रेग्युलेटर दिलेला असतो. तो जादा वायू बाहेर सोडून देतो. सुरुवातीला तो पूर्ण उघडा ठेवून एकेक गोळी झाडायची आणि रायफल नीट फेरा पूर्ण करेपर्यंत खाचेखाचेने बंद करत आणायचा, मग वर दोन खाचा आणखी. त्या दोन खाचा म्हणजे उद्याच्या काजळीसाठी ठेवलेली शिल्लक. रेग्युलेटर पुरता बंद ठेवला तर रायफल चालते खरी, पण प्रत्येक फटका गरजेपेक्षा जोराचा बसून ती लवकर झिजते. आळशी माणूस स्वच्छता टाळून रेग्युलेटर बंद करत जातो.

घाण म्हणजे किरकोळ गोष्ट नव्हे, हे अमेरिकी लष्कराला व्हिएतनाममध्ये महागात पडून कळलं. एम16 रायफलीत पिस्टनच नाही, वायू एका बारीक नळीतून थेट कॅरियरमध्ये येतो. (एआर-15 या नावाने तिकडे नागरिकांना विकली जाणारी अर्धस्वयंचलित रायफल याच घराण्यातली.) 1964 च्या सुमारास तिच्या काडतुसातली दारू बदलली. नव्या दारूत आम्ल शोषून घेण्यासाठी कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे आपला खडू, होता. जळल्यावर त्याचे अवशेष गॅसच्या नळीत बसू लागले. शिवाय फेऱ्याचा वेग वाढला. चेंबरला क्रोमचा मुलामा दिलेला नव्हता, त्यामुळे दमट जंगलात तिथे गंज धरे आणि पुंगळी चिकटून बसे. त्यात ही रायफल फारशी साफ करावी लागत नाही अशी समजूत पसरलेली, आणि साफ करायचं सामानही पुरेसं पोचलेलं नाही. ऐन चकमकीत रायफली अडकून सैनिक मेले. 1967 मध्ये तिथल्या संसदेच्या समितीने चौकशी केली. मग क्रोम आला, साफसफाईचे संच आले आणि सैनिक आपणहून वाचतील अशी चित्रकथेची माहितीपुस्तिकाही छापली गेली. दारूतला खडू हे कारण रसायनशास्त्राच्या वर्गात सांगायला छान आहे, पण माझ्या मते खरा घात केला तो 'साफ करावी लागत नाही' या वाक्याने.

काजळीपेक्षा चोरटा शत्रू मीठ. जुन्या काडतुसांच्या टोपीत पोटॅशियम क्लोरेट असे. ते जळून पोटॅशियम क्लोराइड होतं, आपल्या स्वयंपाकाच्या मिठाचा सख्खा भाऊ. त्याचा न दिसणारा थर नळीत बसतो. हवेतली आर्द्रता 84-85 टक्क्यांच्या वर गेली की हे मीठ हवेतलं पाणी ओढून स्वतःच त्यात विरघळतं. पावसाळ्यात बरणीतलं मीठ पाझरतं ते आठवा. आता नळीत पोलादाला चिकटून खारं पाणी, आणि कोकणातल्या श्रावणात ही आर्द्रता म्हणजे रोजचंच. सकाळपर्यंत तांबूस गंज.

यावर तेल लावून उपयोग नाही, कारण मीठ तेलात विरघळत नाही, ते तेलाखाली सुखाने बसून राहतं. ते विरघळतं पाण्यात. म्हणून जुन्या .303 रायफलीच्या काळातले शिपाई फायरिंग झाल्यावर नळीत चक्क उकळतं पाणी ओतायचे. गंज नको म्हणून पाणी! पण हिशेब पक्का होता: पाणी मीठ धुऊन नेतं आणि उकळत्या पाण्याने तापलेली नळी आपोआप कोरडी होते. मग चिंधी, मग तेल. आजच्या बहुतेक काडतुसांत क्लोरेट नाही, तरी समुद्रकाठी घामेजला हात लागला तरी पुरे. पोलादावर बोटांचे ठसे गंजाने उमटलेले मी पाहिले आहेत, माझेच.

दमट हवेची दुसरी गोष्ट पितळेची आहे आणि ती आपल्याच देशात घडली. ब्रिटिश फौजेच्या लक्षात आलं की पावसाळ्यानंतर काढलेल्या काडतुसांच्या पुंगळ्यांना तडे गेलेले असतात. कुणी हात लावलेला नाही, झाडलेली नाहीत, तरी तडे. पावसाळ्यात मोहिमा थंडावत आणि दारूगोळा घोड्यांच्या तबेल्यांत ठेवला जाई. तडे ऋतूबरोबर येतात म्हणून इंग्रजांनी त्याला 'सीझन क्रॅकिंग' म्हटलं. 1921 मध्ये मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या तिघांनी कोडं सोडवलं. पुंगळी थंड पितळ ओढून ओढून बनवतात, त्यामुळे धातूत ताण साठून राहतो. घोड्यांच्या मुतातून अमोनिया निघतो. अमोनिया आणि ओल मिळून ताणलेल्या पितळेला कणांच्या सांध्यांवर खातात आणि ते उकलतं. उपाय सोपा निघाला: पुंगळी बेताने तापवून तिच्यातला ताण सोडवायचा. काडतूस कोरडं ठेवा हे सगळेच सांगतात, ते तबेल्यात ठेवू नका हे मात्र घोड्यांनीच शिकवलं.

पितळच का, तर ते दाबाखाली फुगून चेंबरच्या भिंतीला घट्ट चिकटतं, वायू मागे येऊ देत नाही आणि दाब उतरताच किंचित आकसून सुटतं. म्हणून चेंबरला तेल नको. तेलकट चेंबरमध्ये पुंगळीची भिंतीवरची पकड सुटते आणि मागच्या धक्क्याचा सगळा भार ब्रीच ब्लॉकवर येतो. 'जास्त तेल म्हणजे जास्त काळजी' हा हिशेब इथे उलटा आहे. जादा तेल धूळ धरतं आणि दोघांची मिळून पॉलिश पेस्ट होते. ब्रिटिश एसएलआरच्या कॅरियरवर मुद्दाम वाकड्यातिकड्या खाचा पाडलेल्या असतात त्या वाळूला जायला जागा म्हणून. सिमोनोव्हच्या रशियन एसकेएस रायफलीत तर साठवणुकीचं जाड ग्रीस पिनच्या भोकात सुकून राहिलं तर पिन पुढेच अडकू शकते, आणि मग ब्लॉक मिटताच ट्रिगर न दाबता गोळी सुटते. गोदामातून आलेली रायफल आधी ग्रीसमुक्त करतात ती यासाठी.

उस्तादांनी एसएलआर खोलली तेव्हा ती एखाद्या अडकित्त्यासारखी मधून दुमडली. बॉडी कव्हर सरकवून काढलं, कॅरियरला मागे असलेली लांब काडी, जिला उंदराची शेपटीच म्हणतात, ती धरून ब्लॉक ओढून घेतला. पुढून गॅस प्लग फिरवला, पिस्टन आणि त्याची स्प्रिंग हातात आली. आमच्यातल्या एकीने दोन रायफलींचे भाग एकाच चिंधीवर ठेवले आणि पहिल्यांदाच उस्तादांचा आवाज चढला. "नंबर बघ! ह्याचा ब्लॉक त्याला नाही!"

तेव्हा ते खाष्टपणाचं वाटलं. पुढे कळलं की ब्लॉकचं मागचं टोक ज्या पोलादी ठोकळ्याला टेकतं तो वेगवेगळ्या मापांत मिळतो आणि प्रत्येक रायफलीला मोजून बसवतात. ब्लॉक आणि पुंगळीच्या बुडामधली फट मिलिमीटरच्या लहानशा अंशात सांभाळायची असते. भलत्या ब्लॉकने ती वाढली की पुंगळी ताणून तुटू शकते. दिसायला दोन्ही ब्लॉक जुळे भाऊ, जोडताना 'बसतो की!' असंही वाटतं.

जोडून झाल्यावर तपासणी, अर्थात रिकाम्या रायफलीवर. हँडल ओढून सोडलं, सेफ्टी लावून ट्रिगर दाबला: काही नाही. सेफ्टी काढून दाबला: खट्. मग ट्रिगर दाबूनच ठेवायचा, हँडल पुन्हा ओढून सोडायचं आणि बोट सावकाश मोकळं करायचं. आतून एक बारीक 'टिक्' येतो. एका दाबाला एकच गोळी हा सगळा कारभार त्या 'टिक्'वर उभा आहे. तो आला नाही तर रायफल शस्त्रागारातल्या आर्मररकडे, घरगुती उपाय नाही.

माझ्या रायफलीतून 'टिक्' आला. मी खुशीत उस्तादांकडे बघितलं. त्यांनी ती पुन्हा मधून दुमडली, चेंबरपाशी पांढऱ्या कागदाचा कपटा धरला आणि पुढून नळीत बघायला सांगितलं. आतले वेटोळे आटे चांदीसारखे चकाकत होते, आणि अर्ध्यावर, एका आट्याला अडकून, फुलथ्रूच्या दोरीने नळीतून ओढलेल्या चिंधीचा एकच दोरा.

"फुलथ्रू आण," ते म्हणाले.