यूकॉनच्या आकाशातलं ते अवाढव्य यान

यूकॉन हा कॅनडाचा वायव्य कोपरा, अलास्काला खेटून असलेला. क्षेत्रफळ पावणेपाच लाख चौरस किलोमीटरच्या पुढे, आणि १९९६ मध्ये लोकसंख्या जेमतेम ३० हजार. त्या वर्षी ११ डिसेंबरच्या रात्री साडेआठच्या सुमारास क्लॉन्डाइक हायवेवर लोकांनी गाड्या थांबवून वर पाहिलं. दिव्यांच्या रांगा आकाशातून संथपणे सरकत होत्या. फॉक्स लेक, कारमॅक्स, पेली क्रॉसिंग अशा विखुरलेल्या ठिकाणच्या तीसेक जणांनी पुढे जबान्या दिल्या. बहुतेकांचं म्हणणं सारखंच होतं: एक प्रचंड यान, आवाज अजिबात नाही, आणि अगदी डोक्यावर. काहींनी त्याची लांबी किलोमीटरभर सांगितली. यानाच्या अंगाआड तारे झाकले गेल्याचंही काहींना आठवत होतं.

ही माणसं खोटं बोलत नव्हती, हे आधीच सांगायला हवं. त्यांना वेडगळ ठरवणाऱ्यांचा मला रागच येतो.

कोडं सुटलं ते २०१२ मध्ये. उपग्रहांच्या कक्षांचा बारकाईने मागोवा घेणारे कॅनडाचे टेड मोल्झान यांनी हिशोब मांडला. कॉसमॉस २३३५ हा रशियन उपग्रह त्याच दिवशी बैकोनूरहून सुटला होता. त्याच्या रॉकेटचा दुसरा टप्पा वातावरणात परतून जळाला, तो नेमका त्याच वेळी आणि यूकॉनमधून दिसेल अशा मार्गावर.

उल्का बहुधा काही सेकंदांत विझते. कक्षेतून परतणारं रॉकेट मात्र सेकंदाला साधारण साडेसात किलोमीटर वेगाने, जवळपास आडवं येतं आणि ७०-८० किलोमीटर उंचीवर फुटतं. हलके तुकडे हवेच्या विरोधाने लवकर मंदावून मागे पडतात, जड तुकडे पुढे राहतात. त्यामुळे पेटत्या ठिपक्यांची लांबच लांब माळ तयार होते. ठिपके एकाच दिशेने, एकाच चालीने सरकताना दिसले की मेंदू त्यांना एका वस्तूचे भाग मानतो आणि मधल्या अंधाराला काळं अंग देऊन टाकतो. १९६८ च्या मार्चमध्ये झोंड-४ या सोव्हिएत अवकाशयानाच्या रॉकेटचे तुकडे अमेरिकेवर जळाले, तेव्हाही काहींना खिडक्या असलेलं सिगारसारखं यान दिसलं होतं.

राहिला प्रश्न आकाराचा. रात्रीच्या आकाशात अंतर कळायला काहीच खूण नसते. डोळा मोजतो तो फक्त कोन. समजा, ती रांग ६० अंशांची होती. ती ५०० मीटरवर आहे असं मानलं, तर लांबी सुमारे ६०० मीटर भरते. २०० किलोमीटरवर असेल, तर तीच रांग २३० किलोमीटर लांब! शांततेचं कारणही अंतरातच आहे. इतक्या लांबून आवाज यायला दहा मिनिटं लागतील, आणि तिथल्या विरळ हवेतून तो निघणारच क्षीण. शिवाय खरोखर डोक्यावरून गेलेलं यान सुमारे २०० किलोमीटर दूरच्या गावालाही डोक्यावरच कसं दिसेल?

म्हणून असं काही दिसलं, तर ‘किती मोठं’ हे लिहू नये. हात ताणून धरलेली मूठ साधारण १० अंश, करंगळी १ अंश. किती मुठी लांब, कोणत्या ताऱ्याजवळून, किती वाजता आणि किती सेकंद, एवढं टिपलं की कक्षेशी ताडून पाहता येतं.