मोटारीच्या दिव्यांतील विद्युत दोषांचा शोध

मोटारीतील एखादा दिवा लागत नसेल, मंद लागत असेल, लुकलुकत असेल किंवा त्याचा बल्ब वारंवार जात असेल, तर बॅटरीपासून बल्बपर्यंत आणि बल्बपासून परत बॅटरीपर्यंतच्या वाटेवर दोष नेमका कोठे आहे हे ठरवण्याच्या कामाला दोषशोध म्हणतात. नाशिकच्या गॅरेजांत हे काम ऑटो इलेक्ट्रिशियन, म्हणजे बोलीतला ‘वायरमन’, करतो. साध्या बल्बपासून एलईडीपर्यंत दिव्यांचे प्रकार बदलले, तरी या शोधाचे मूळ तत्त्व तेच राहिले आहे: करंट वाटेत कोठे अडतो ते दिवा चालू ठेवून मोजायचे आणि मगच सुटा भाग बदलायचा.

मोटारीत बॅटरीच्या धन टोकापासून फ्युज, स्विच आणि रिले (थोड्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) यांतून वायर दिव्यापर्यंत येते; परतीसाठी मात्र बहुतेक ठिकाणी स्वतंत्र वायर बॅटरीपर्यंत नेलेली नसते. दिव्याजवळची आखूड वायर बोल्टने बॉडीच्या पत्र्याला जोडतात आणि तो पत्राच परतीचा मार्ग होतो. यालाच अर्थिंग म्हणतात. सप्लायच्या बाजूकडे सगळ्यांचे लक्ष जाते, अर्थिंगकडे क्वचितच; पण जुन्या गाडीच्या दिव्यांच्या तक्रारींत पहिला संशय अर्थिंगवर आणि कपलरच्या, म्हणजे वायर एकमेकींना जोडणाऱ्या प्लगच्या, सांध्यांवर घेणे केव्हाही शहाणपणाचे असते. नाशिक जिल्ह्यात तर त्याला हवामानाचीही जोड मिळते. इगतपुरी आणि त्र्यंबकेश्वरकडचा मुसळधार पाऊस, कसारा घाटातले धुके आणि चांदवड-सिन्नरकडची धूळ या सगळ्यांतून एकच गाडी फिरते. गोदाकाठी उभी असताना पुराच्या पाण्यात सापडलेल्या गाडीत पाणी वायरच्या आवरणाआडून तांब्याच्या तारांमधून वर चढते, आणि गाडी वरून कोरडी दिसू लागल्यानंतरही आत हिरवट पूड धरत राहते.

मोजमापाची सुरुवात बॅटरीपासून करावी. पूर्ण चार्ज असलेली बॅटरी इंजिन बंद असताना सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते आणि इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.४ व्होल्ट दिसायला हवेत. व्होल्टेज सतत १५ च्या वर जात असेल, तर बल्ब वारंवार जाण्याचे कारण अल्टरनेटरच्या, म्हणजे बॅटरी चार्ज करणाऱ्या जनित्राच्या, व्होल्टेज आवरणाऱ्या रेग्युलेटरमध्ये शोधावे लागते. उलट बाजूला, हॅलोजन बल्बला मिळणारे व्होल्टेज १० टक्क्यांनी घटले तरी उजेड सुमारे ३० टक्क्यांनी उतरतो. त्यामुळे ‘बल्ब तर नवा आहे, पण रस्ता दिसत नाही’ ही घाटात गाडी चालवणाऱ्यांची तक्रार बहुधा बल्बची नसून वायरिंगची असते.

एक नेहमीचा दोष जवळून पाहण्यासारखा आहे. ब्रेक दाबला की त्याच बाजूचा इंडिकेटर मंद पेटतो, किंवा इंडिकेटर लावला की मागचा पार्किंग दिवा त्याच तालावर लुकलुकतो. स्विच बिघडला असे वाटते, पण अर्थिंग तुटल्यामुळे करंट शेजारच्या बल्बच्या फिलामेंटमधून परतीची वाट काढत असतो. दिवा चालू ठेवून मल्टिमीटरची (व्होल्टेज मोजण्याच्या उपकरणाची) काळी पिन बॅटरीच्या ऋण टोकावर आणि लाल पिन होल्डरच्या अर्थिंगवर टेकवावी. तेथे ०.२ व्होल्टपेक्षा जास्त दिसले तर परतीच्या वाटेत अडथळा आहे. दोन-तीन व्होल्ट दिसले तर संशयाला जागाच उरत नाही. अशा वेळी डिकीच्या अस्तराखालचा बोल्ट सोडवला की वायरच्या टोकाच्या रिंगखाली पांढरट-हिरवी पूड आणि रंगाखाली गंजलेला पत्रा सापडतो. पॉलिश पेपरने पत्रा चकचकीत होईपर्यंत घासून, रिंग साफ करून, बोल्ट घट्ट आवळून वर ग्रीसचा थर दिला की दोष जातो. येथे दिवा चालू असणे अत्यावश्यक आहे, कारण मल्टिमीटर स्वतः नगण्य करंट ओढतो आणि सगळ्या तारा तुटून एकच शाबूत राहिलेली वायरही दिवा बंद असताना पूर्ण १२ व्होल्ट दाखवते. जुने कारागीर टेस्ट लॅम्प, म्हणजे स्वतः करंट ओढणारा तपासणीचा छोटा बल्ब, सोडत नाहीत, ते याचसाठी.

फ्युज पुन्हा पुन्हा उडत असेल तर कोठेतरी वायर शॉर्ट होत आहे, म्हणजे उघडी पडून पत्र्याला टेकत आहे. उंदरांनी कुरतडलेली जागा, डिकीच्या बिजागरीपाशी सतत वाकणारी वायर आणि नंतर बसवलेल्या हॉर्न किंवा फॉग लाइटचे उघडे जोड ही नेहमीची ठिकाणे होत. त्या मार्गावरचे बल्ब काढून फ्युजच्या जागी २१ वॉटचा बल्ब जोडावा. शॉर्ट असेपर्यंत तो पूर्ण तेजाने पेटतो आणि वायरिंग हलवताना ज्या ठिकाणी विझतो, तेथेच दोष असतो. १० अँपिअरच्या लाल फ्युजच्या जागी ३० अँपिअरचा हिरवा फ्युज घालणे किंवा तार गुंडाळणे हा उपाय नव्हे. त्याने फ्युज वाचतो आणि वायर जळते.

एच४ या दोन फिलामेंटच्या हेडलाइटचा मूळ बल्ब ६०/५५ वॉटचा असतो आणि डिपरला, म्हणजे जवळच्या झोताला, सुमारे साडेचार अँपिअर घेतो. त्या जागी १००/९० वॉटचा बल्ब लावला की अप्परला, म्हणजे लांबच्या झोताला, दोन्ही बाजूंचे मिळून सोळा अँपिअरहून अधिक वाहतात; एका बाजूच्या ढिल्या पिनवर एक व्होल्ट जरी खर्ची पडला तरी तेथे आठ वॉटची उष्णता साठते. तपकिरी पडलेला, वितळू लागलेला होल्डर ही त्याची खूण. बल्ब बदलला आणि होल्डर तोच ठेवला, तर काही दिवसांत तक्रार परत येते.

जपानी घडणीच्या अनेक मोटारींत हेडलाइटला सप्लाय कायम मिळतो आणि स्विच अर्थिंगच्या बाजूला असतो; तेथे नेहमीचा तर्क उलटा लावावा लागतो. नव्या गाड्यांत दिवे संगणकीय नियंत्रकाच्या हाती असल्याने आधी स्कॅनर लावून नोंदलेले दोष वाचतात, पण गंजलेला बोल्ट स्कॅनर दाखवत नाही. पिवळ्या आवरणातील वायर एअरबॅगच्या असतात. त्यांना टेस्ट लॅम्प कधीही लावू नये.

इंडिकेटर नेहमीपेक्षा जलद लुकलुकत असेल तर त्या बाजूचा एक बल्ब गेलेला असतो किंवा त्याच्या जागी कमी वॉटचा, बहुधा एलईडी, बसवलेला असतो. रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी उतरत असेल तर डिकीचा दिवा तपासावा. ५ वॉटचा हा दिवा झाकणाचा स्विच बिघडल्याने पेटत राहिला, तर दिवसाला सुमारे १० अँपिअर-तास खातो आणि ३५ अँपिअर-तासांची बॅटरी दोन दिवसांतच निम्म्याहून खाली आणतो. डिकी बंद असताना हा दिवा बाहेरून दिसत नाही. मोबाईलचा कॅमेरा चालू करून आत ठेवला की दिवा विझतो की नाही ते लगेच कळते.