देखभाल चार्जर (शिसे-आम्ल बॅटरी)

बराच काळ वापरात नसलेली शिसे-आम्ल बॅटरी पूर्ण चार्ज स्थितीत राखणाऱ्या चार्जरला देखभाल चार्जर म्हणतात. उतरलेली बॅटरी झटपट भरणे हे त्याचे काम नव्हे. त्यामुळे निवड करताना तो किती अँपिअर देतो यापेक्षा बॅटरी भरल्यावर तो कोणत्या व्होल्टेजवर स्थिरावतो, हे आधी पाहावे लागते.

फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ गास्तों प्लांते यांनी १८५९ मध्ये तयार केलेल्या या बॅटरीचा मूळ दोष आजही कायम आहे: ती नुसती ठेवली तरी उतरते, आणि उष्णतेत अधिक वेगाने उतरते. उतरलेल्या बॅटरीच्या प्लेटांवरील लेड सल्फेट सुरुवातीला बारीक कणांचे असते व चार्जिंगने नाहीसे होते; परंतु ते महिनोन्‌महिने तसेच राहिल्यास त्याचे कठीण स्फटिक बनतात आणि गेलेली क्षमता सहसा पूर्णपणे परत मिळत नाही. याउलट व्होल्टेज सतत चढे राहिले, तर पाण्याचे विघटन होऊन हायड्रोजन व ऑक्सिजन बाहेर पडतात, आम्लाची पातळी घटते आणि धन प्लेटची जाळी गंजते. या दोन हानींमधील वाट अरुंद आहे. सहा सेलच्या १२ व्होल्ट बॅटरीसाठी ती २५ अंश सेल्सिअसला साधारणपणे १३.५ ते १३.८ व्होल्ट एवढीच असून तिला फ्लोट व्होल्टेज म्हणतात.

चांगला चार्जर सुमारे १४.४ व्होल्टपर्यंत चढून, बॅटरीने घेतलेला प्रवाह पुरेसा घटल्यावर आपोआप फ्लोटवर उतरतो. व्होल्टेजवर नियंत्रण नसलेला जुन्या धाटणीचा ट्रिकल चार्जर (सतत थोडा प्रवाह देत राहणारा) कायम जोडून ठेवणे धोक्याचे आहे, मग त्याचा प्रवाह कितीही कमी असो. तापमान बदलत्या जागी तापमानानुसार व्होल्टेज बदलणारा चार्जर घ्यावा, कारण दर १० अंश वाढीमागे १२ व्होल्ट बॅटरीचे फ्लोट व्होल्टेज सुमारे ०.२ व्होल्टने कमी करावे लागते.

जेल बॅटरीबाबत, म्हणजे आम्ल जेलीसारखे घट्ट केलेल्या शिसे-आम्ल बॅटरीबाबत, विशेष काळजी हवी: जादा व्होल्टेजमुळे जेलमध्ये वायूच्या पोकळ्या तयार झाल्या, तर त्या पुन्हा भरून येत नाहीत. म्हणून चार्जरवर जेलसाठी वेगळी सोय असावी. केवळ लिथियम बॅटरीसाठी बनवलेला चार्जर मात्र येथे वापरू नये.

मोटारीच्या बॅटरीच्या देखभालीला एक-दोन अँपिअर पुरतात. मात्र घड्याळ किंवा गजर यांसारखा भार जोडलेला असल्यास चार्जरचा प्रवाह त्या भाराला लागणाऱ्या प्रवाहाहून जास्त हवा.