ओंडक्यांच्या नदीचा बखरकार

निघोजला कुकडीच्या पात्रातले रांजणखळगे पाहिले असतील. तसेच खळगे, त्याच जातीच्या काळ्या पाषाणात, अमेरिकेतल्या सेंट क्रॉय नदीकाठी टेलर्स फॉल्स गावाजवळ आहेत. तिथला बेसॉल्ट मात्र सुमारे ११० कोटी वर्षांचा. आपला त्याच्यापुढे पोरसवदा, साडेसहा कोटींचा. हिमयुग सरताना वितळलेल्या पाण्याच्या लोंढ्यांनी तो कापून अरुंद घळ केली. या घळीत नदी एका ठिकाणी जवळजवळ काटकोनात वळते.

या नदीचे बखरकार विल्यम फोल्सम १८५० मध्ये टेलर्स फॉल्समध्ये आले. जन्म १८१७ चा, वाढले मेन राज्याच्या जंगलमुलखात. व्यापार, लाकूड, राजकारण असं सगळं त्यांनी केलं. १८५५ च्या सुमाराचं, पांढऱ्या पाइन या सूचिपर्णी झाडाच्या लाकडाचं त्यांचं घर आजही उभं आहे.

या पाइननेच हा मुलूख वसवला. १८३७ च्या करारांनी ओजिब्वे आणि डकोटा या मूळनिवासी लोकांच्या हातून जमीन गेली आणि दोनच वर्षांत याच नदीकाठी मरीन गावी आरागिरणी सुरू झाली. झाडं हिवाळ्यात पाडायची, बर्फाच्या वाटांवरून घसरगाड्यांनी नदीकाठी आणायची आणि वसंतात पाणी चढलं की सोडून द्यायची. पाइन हलका, ताजा तोडलेलाही तरंगतो. आपला साग असा सोडला तर बुडेल. म्हणून ब्रह्मदेशात उभ्या सागाची साल गोलाकार खाचून आधी त्याला दोन-तीन वर्षं सुकवत. पाइनला एवढे लाड लागत नसत. ओंडक्याच्या टोकावर हातोड्याने मालकाची खूण ठोकली की झालं. पुढे नदीच्या खालच्या अंगाला, स्टिलवॉटर गावाजवळ त्या खुणा पाहून ज्याचा माल त्याला मिळे.

अडचण होती ती घळीतल्या त्या वळणाची. एखादा ओंडका आडवा अडकला की मागचे त्याच्यावर चढतात, खाली घुसतात आणि प्रवाहाच्या रेट्याने गच्च आवळले जातात. जून १८८६ मध्ये असे सुमारे १५ कोटी बोर्ड फूट लाकूड तुंबलं (एक फूट लांब, एक फूट रुंद, एक इंच जाड फळी म्हणजे एक बोर्ड फूट). ते सुटायला सहा आठवडे लागले. पुढे १८९० मध्ये वरच्या बाजूला नेव्हर्स धरण झालं, ओंडके बेताबेताने सोडता यावेत म्हणून.

तुंबाऱ्यानंतर दोनच वर्षांनी फोल्सम यांचा साडेसातशेहून अधिक पानांचा ग्रंथ आला, ‘फिफ्टी इयर्स इन द नॉर्थवेस्ट’. सेंट क्रॉय खोऱ्यातल्या लाकूडधंद्याचा इतिहासही त्यांनी वेगळा लिहिला. व्यापाऱ्याची वही म्हणून नुसते आकडे शोधायला जावं, तर त्यात माणसांची छोटी छोटी चरित्रंही भेटतात. लाकूडधंद्यावरचा तो लेख १९०१ मध्ये छापून आला. फोल्सम डिसेंबर १९०० मध्येच गेले होते.

स्टिलवॉटरजवळचा ओंडके निवडायचा तळ १९१४ मध्ये बंद झाला. वरून येण्याजोगा पाइनच उरला नव्हता.