धर्मभगिनींची परदेशसेवा आणि मध्यस्थी प्रार्थना

धर्मभगिनींची परदेशसेवा : कॅथलिक चर्चमधील व्रतस्थ स्त्रियांनी परक्या देशात जाऊन केलेली शिक्षण-आरोग्याची कामे, आणि तिथल्या लोकांसाठी आपल्या मठात राहून केलेली मध्यस्थी प्रार्थना, म्हणजे दुसऱ्यांच्या वतीने देवाकडे केलेली याचना. ही दोन वेगळी कामे वाटतात. चर्च मात्र ती एकच मानते. बोलीभाषेत या स्त्रियांना ‘सिस्टर’ म्हणतात. दवाखान्यातल्या परिचारिकेलाही आपण सिस्टरच म्हणतो, आणि तो शब्द रुग्णसेवा करणाऱ्या धर्मभगिनींकडूनच आलेला आहे.

नाशिककरांना सिस्टर दिसतात त्या प्रामुख्याने शाळेच्या फाटकाशी. त्यांच्या दिवसाचा पहाटेचा आणि सांजेचा भाग, म्हणजे स्तोत्रपठण, मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) आणि जपमाळ, शाळेतल्या पोरांच्या नजरेला कधी पडत नाही. त्यामुळे ‘सेवा करतात’ हे सगळे सांगतात, ‘प्रार्थना करतात’ हे क्वचितच कोणी सांगतो.

नाशिक धर्मप्रांत (एका बिशपच्या देखरेखीखालचा प्रदेश) पुणे धर्मप्रांतातून वेगळा होऊन १९८७ साली स्थापन झाला. थॉमस भालेराव हे पहिले बिशप. पण दूरदेशाशी नाते त्याहून जुने. नाशिकरोडच्या बाळ येशूच्या यात्रेला दर फेब्रुवारीत सर्व धर्मांचे लोक मेणबत्त्या घेऊन रांगा लावतात. त्या भक्तीचे मूळ प्रागमध्ये आहे. तिथल्या कार्मेलाइट (कार्मेल या व्रतस्थ संघाच्या) मठाला १६२८ मध्ये एका सरदार घराण्यातील स्त्रीने बाळ येशूची मूर्ती दिली होती. नाशिकमधल्या शरणपूरची कथा कॅथलिक नव्हे, प्रॉटेस्टंट मिशनची आहे, तरी ती इथे सांगायलाच हवी. गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेल्या आफ्रिकी मुलांना तिथे आसरा आणि शिक्षण मिळाले. त्यांतलाच जेकब वेनराइट पुढे आफ्रिकेचा शोधप्रवासी मिशनरी डेव्हिड लिव्हिंग्स्टन याचा मृतदेह घेऊन आफ्रिकेतून लंडनपर्यंत गेला आणि १८७४ मध्ये वेस्टमिन्स्टर ॲबेतील अंत्यविधीत शवपेटीच्या खांदेकऱ्यांत उभा राहिला.

एकोणिसाव्या शतकात ही वाट युरोपातून भारताकडे येत होती. ‘जीझस अँड मेरी’ संघाच्या भगिनी १८४२ मध्ये फ्रान्सहून आग्र्याला पोहोचल्या. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात युरोपातले मठ ओस पडू लागले आणि भारतात परदेशी मिशनऱ्यांना व्हिसा मिळणे अवघड झाले. मग वाट उलटली. आता केरळ, झारखंड, गोवा, महाराष्ट्र इथल्या मुली आफ्रिकेत नि युरोपात जातात. जर्मनी-इटलीतल्या वृद्धाश्रमांत भारतीय सिस्टर भेटणे यात नवल उरलेले नाही.

प्रार्थनेच्या बाजूची सर्वांत ठळक व्यक्ती म्हणजे फ्रान्समधल्या लिझ्यूची संत तेरेजा (१८७३–१८९७). पंधराव्या वर्षी ती कार्मेल मठात गेली आणि मरेपर्यंत त्या भिंतींबाहेर राहायला गेली नाही. व्हिएतनाममधल्या हनोईच्या मठात जायची तिची इच्छा क्षयाने पुरी होऊ दिली नाही. तरीही १९२७ मध्ये पोप अकरावे पायस यांनी तिला आशियाभर फिरलेल्या मिशनरी संत फ्रान्सिस झेवियरच्या बरोबरीने मिशनकार्याची आश्रयदाती संत ठरवले. मिशनवर निघालेल्या दोन तरुणांची ‘बहीण’ म्हणून मठाने तिला नेमून दिले होते. एक चीनला गेला, दुसरा आफ्रिकेला. ती त्यांना पत्रे लिही. अखेरच्या आजारात तिला बागेत रोज थोडे चालायला सांगितले होते. पाऊल उचलवत नसताना ती का चालते, असे एका बहिणीने विचारले. तेव्हा दूर कुठेतरी दमलेल्या एखाद्या मिशनऱ्यासाठी आपण चालतो, असे तिने सांगितल्याची नोंद आहे. आपल्याकडे वारीला निघालेल्याला घरचे म्हणतात, ‘पांडुरंगाला माझाही नमस्कार सांग.’ इथे जो गेला त्याच्या वाटचे, घरी राहिलेली चालते.

मदर तेरेसांनी याला रीतसर जोडणीचे रूप दिले. बेल्जियमच्या जॅकलिन द डेकर यांना भारतात राहून काम करायचे होते, पण पाठीच्या दुखण्याने परतावे लागले. तेव्हा १९५०च्या दशकात मदरनी त्यांना आपले ‘दुसरे रूप’ मानले. पुढे प्रत्येक सिस्टरमागे एक आजारी माणूस, अशी साखळी तयार झाली. त्या माणसाने आपले दुखणे सिस्टरच्या कामासाठी अर्पण करायचे. त्यांच्या संघाचे भारताबाहेरचे पहिले केंद्र व्हेनेझुएलातील कोकोरोते इथे १९६५ मध्ये निघाले.

कुठे जायचे हे शेवटी सिस्टर ठरवत नाही. गरिबी, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन या तीन व्रतांपैकी तिसरे इथे कामाला येते : इच्छा कळवता येते, नेमणूक वरिष्ठांची. मग भाषा शिकणे आले. नाशिकला आलेल्या मल्याळी सिस्टरला मराठीतले ‘ळ’ सोपे जाते, क्रियापदाचे लिंग मात्र वर्षभर छळते. इथली मुलगी पूर्व आफ्रिकेत गेली की स्वाहिलीपुढे तशीच अडखळते.

काम नेहमी सुरक्षित नसते. ४ मार्च २०१६ रोजी येमेनमधील एडन इथे वृद्धाश्रमावर बंदूकधाऱ्यांनी हल्ला केला. मरण पावलेल्या सोळा जणांत मदर तेरेसांच्या संघाच्या चार भगिनी होत्या. एक भारतीय, दोन रवांडाच्या, एक केनियाची. टीकाही होते : सेवेआड धर्मांतर होते का, हा प्रश्न भारतात कायम विचारला जातो, आणि तो केवळ आकसाने विचारला जातो असे म्हणणे बरोबर नाही. प्रार्थनेवर मात्र कोणी आक्षेप घेत नाही, बहुधा ती दिसत नाही म्हणूनच.

ती दिसते ती जपमाळेत. १९५१ मध्ये अमेरिकी बिशप फुल्टन शीन यांनी मिशनसाठी पाच रंगांची जपमाळ सुचवली : हिरवे मणी आफ्रिकेचे, लाल अमेरिकेचे, पांढरे युरोपचे, निळे प्रशांत महासागरातील बेटांचे, पिवळे आशियाचे. नाशिकमध्ये संध्याकाळी सात वाजता कोणी हिरव्या मण्यांवर आले, तर नैरोबीत साडेचार वाजलेले असतात आणि दवाखान्याची रांग अजून संपलेली नसते.